गाडी विजेची, वीज कोळशाची: मग हिशेब कसा मांडायचा?

इलेक्ट्रिक गाडीचा विषय नागपुरात निघाला की चौथ्या-पाचव्या वाक्याला कुणीतरी म्हणतोच, "पण वीज तर कोराडीचीच ना?" हा प्रश्न पुण्या-मुंबईपेक्षा इथे जास्त वजनदार आहे. शहराच्या उत्तरेला कोराडी, तिथे 660 मेगावॅटचे तीन संच. जवळच खापरखेडा, 1340 मेगावॅट. पूर्वेला मौद्याला एनटीपीसीचे 2320 मेगावॅट. थोडे दक्षिणेला गेले की चंद्रपूर, 2920 मेगावॅट. वेस्टर्न कोलफिल्ड्सचे मुख्यालयही याच शहरात. कोळसा कुठे जळतो आणि राख कुठे पडते हे ज्यांना घरबसल्या ठाऊक आहे, त्यांनी स्वच्छ ऊर्जेच्या जाहिरातीकडे संशयाने पाहणे साहजिक आहे. अडचण एवढीच की हा प्रश्न विचारून बहुतेक जण तिथेच थांबतात. त्यातले निम्मे जण "मग काहीच उपयोग नाही" म्हणून मोकळे होतात आणि उरलेले निम्मे "विजेवर चालते म्हणजे स्वच्छच" असे धरून चालतात. आकडेमोड दोघेही करत नाहीत. ती फारशी कठीण नाही. गाडी घेण्यापूर्वी, सोसायटीच्या सभेत हात वर करण्यापूर्वी आणि एखाद्या प्रकल्पाच्या बाजूने किंवा विरोधात बोलण्यापूर्वी ती कशी करावी, ते पाहू.

सुरुवात स्कूटरपासून करू, कारण नागपूरचा रस्ता दुचाकीचा आहे. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. लिटरला 45 किलोमीटर देणारी स्कूटर म्हणजे किलोमीटरमागे 51 ग्रॅम. इलेक्ट्रिक स्कूटरला चार्जिंगमधली घट धरून शंभर किलोमीटरला साधारण साडेतीन युनिट लागतात. देशाच्या एकत्रित ग्रिडवर एका युनिटमागे सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड धरला जातो. म्हणजे किलोमीटरमागे 25 ग्रॅम, पेट्रोलच्या निम्मे. आता कोराडीवाल्यांचा आक्षेप पूर्णपणे मान्य करू आणि तुमच्या प्लगमध्ये येणारे प्रत्येक युनिट कोळशाचेच आहे असे समजू. तेव्हा युनिटमागचा आकडा 0.95 च्या आसपास जातो आणि स्कूटर 33-34 ग्रॅमवर येते. तरीही ती पेट्रोलपेक्षा एक तृतीयांशाने कमीच राहते. कारण यंत्रात आहे. पेट्रोलचे इंजिन इंधनातली बहुतेक उष्णता वाया घालवते, विजेची मोटर फार थोडी वाया घालवते. स्कूटरपुरता तरी हा वाद मिटला असे मी म्हणेन.

मोटारीचे गणित मात्र इतके सरळ नाही. लिटरला 15 किलोमीटर देणारी पेट्रोल मोटार किलोमीटरमागे 153 ग्रॅम सोडते. इलेक्ट्रिक मोटारीला शंभर किलोमीटरला 16 युनिट धरले तर ग्रिडच्या सरासरीने 112 ग्रॅम होतात आणि निव्वळ कोळशाच्या विजेवर 152. म्हणजे अगदी कोळशावरच चालवायची म्हटले तर फायदा शून्य. त्यात बॅटरीचा हिशेब वेगळा. एक किलोवॅट-अवर क्षमतेची बॅटरी बनवताना ढोबळमानाने 75 किलो कार्बन डायऑक्साइड सुटतो असे धरा. स्कूटरची तीन किलोवॅट-अवरची बॅटरी आठ-नऊ हजार किलोमीटरमध्ये आपले कर्ज फेडते. मोटारीच्या 30 किलोवॅट-अवरच्या बॅटरीला आजच्या ग्रिडवर पन्नास हजारांहून जास्त किलोमीटर धावावे लागते. यातून खरेदीचा सल्ला आपोआप निघतो. रोज साठ-सत्तर किलोमीटर धावणारी टॅक्सी, डिलिव्हरीची दुचाकी, बुटीबोरीला रोज ये-जा करणाऱ्याची मोटार ही विजेवर गेलीच पाहिजेत. वर्षाला पाच हजार किलोमीटर चालणारी, रविवारी रामटेकला जाण्यापुरती बाहेर निघणारी दुसरी मोटार विजेची घेतली, तर तो हौसेचा खर्च समजा. पृथ्वीवर उपकार केल्याचे समाधान त्यात शोधू नका. राज्याच्या 2025 च्या धोरणात समृद्धी महामार्गावर इलेक्ट्रिक मोटारींना टोलमाफी जाहीर झाली. ती ज्याला मिळणार त्याच्याकडे मोटार आहे, आणि शहरात बसची वाट पाहत उभा असलेल्याला या माफीतून काहीच मिळत नाही, हेही जाता जाता लक्षात घ्यायला हवे.

बसचा आकडा तर अनेकांना धक्का देईल. बारा मीटरच्या वातानुकूलित इलेक्ट्रिक बसला किलोमीटरला एक ते सव्वा युनिट लागते, म्हणजे आजच्या ग्रिडवर 700 ते 875 ग्रॅम. लिटरला साडेतीन-चार किलोमीटर देणारी साधी डिझेल बसही 670 ते 770 ग्रॅमच सोडते. केवळ कार्बनच्या तराजूत आज दोन्ही जवळजवळ सारख्या आहेत. सीताबर्डीच्या चौकात उभे राहणाऱ्याच्या छातीत डिझेलचा धूर जात नाही, हा लाभ खरा आणि मोठा आहे, पण तो हवामानबदलाच्या खात्यात मांडता येत नाही. खरा फरक पडतो आत किती माणसे बसली आहेत त्याने. त्याच बसमध्ये तीस प्रवासी असतील तर माणशी 29 ग्रॅम, आठ असतील तर माणशी शंभराच्या वर, म्हणजे एकट्याने चालवलेल्या इलेक्ट्रिक मोटारीइतके. म्हणून महापालिकेने किती ई-बस घेतल्या या बातमीपेक्षा त्या किती मिनिटांनी येतात हे विचारणे जास्त कामाचे. केंद्राच्या मानकांनुसार चांगल्या सेवेसाठी लाखामागे 60 बस हव्यात. 2011 च्या जनगणनेतली नागपूरची 24 लाख लोकसंख्या धरली तरी चौदाशेहून अधिक बस होतात. शहराच्या 'आपली बस' सेवेच्या ताफ्यात तेवढ्या बस कधीच नव्हत्या. मेट्रोचेही तेच. मार्च 2019 मध्ये सुरू झालेला आणि 11 डिसेंबर 2022 रोजी पहिला टप्पा पूर्ण झालेला सुमारे 40 किलोमीटरचा मार्ग शहराकडे तयार आहे, स्थानकांच्या छतांवर सौर पॅनेल आहेत, पण प्रवासीसंख्या प्रकल्प अहवालातल्या अपेक्षेच्या बरीच मागे राहिली. स्थानकातून घरापर्यंत पोचवणारी छोटी बस किंवा शेअर ऑटो नसेल तर माणूस स्कूटरच काढणार. गाडी रिकामी धावत असेल, तर ती कोणत्या विजेवर धावते याला फारसा अर्थ उरत नाही.

आता विजेकडे वळू, कारण वरचे सगळे आकडे तिच्यावर टांगलेले आहेत. देशाच्या स्थापित वीजक्षमतेत कोळसा-वायू-डिझेल सोडून इतर स्रोतांचा वाटा 2025 मध्ये निम्म्यावर पोचला, अशी बातमी तुम्ही वाचली असेल. बातमी खरी आहे, पण तिचा अर्थ निम्मी वीज स्वच्छ झाली असा लावू नका. सौर प्रकल्प दिवसा काही तासच चालतो, कोळशाचा संच रात्रंदिवस. त्यामुळे प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत कोळशाचा वाटा अजून सत्तर टक्क्यांच्या वर आहे. आणि हा वाटा चोवीस तास सारखा नसतो. भर दुपारी ग्रिडवर सौर वीज भरपूर असते, संध्याकाळी सातनंतर ती शून्य होते आणि त्याच वेळी दिवे, एसी, कूलर आणि स्वयंपाकघर एकदम सुरू होतात. त्या तासांचा भार प्रामुख्याने औष्णिक केंद्रेच उचलतात. म्हणजे एकच स्कूटर दुपारी एक वाजता लावली तर वेगळी आणि रात्री नऊ वाजता लावली तर वेगळी. छतावर पॅनेल बसवून बिल शून्यावर आणणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावे. नेट मीटरिंगमध्ये दिवसा दिलेली युनिट रात्री वापरलेल्या युनिटमधून वजा होतात, ती पैशांच्या हिशेबात. रात्री तुमच्या घरात येणारी वीज प्रामुख्याने कोळशाचीच असते. बिल शून्य झाले म्हणून कोळसा शून्य होत नाही.

सल्ला यातूनच येतो, आणि तो फुकट आहे: जे काम दिवसा ढकलता येते ते दिवसा ढकला. पाण्याचा पंप, वॉशिंग मशीन, इस्त्री, गिझर, गाडीचे चार्जिंग. महावितरणनेही 2025 पासून वेळेनुसार नोंद ठेवणारे मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना दिवसाच्या वापरावर सवलत सुरू केली आहे, म्हणजे खिशालाही कारण आहे. नोकरदाराची गाडी दिवसा कार्यालयात उभी असते, म्हणून चार्जिंगची मागणी घरापेक्षा कार्यालयाच्या पार्किंगमध्ये करायला हवी. इथे एक अडचण खास आपल्याकडची आहे. मे महिन्यातल्या दुपारी उन्हात तापलेल्या गाडीची बॅटरी त्याच वेळी चार्ज करणे तिच्या आयुष्याला चांगले नाही. त्यामुळे पार्किंगला शेड हवे आणि गाडी आल्याआल्या प्लग न लावता तासभर निवू द्यावी. बॅटरी लोह-फॉस्फेट प्रकारची असेल तर उष्णता जास्त सोसते. विक्रेत्याला हा प्रश्न विचारा, मायलेजच्या आधी.

छतावरच्या सौर संचाबद्दल नागपूरकरांना पटवायची गरज उरलेली नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये आलेल्या पीएम सूर्यघर योजनेत हा जिल्हा राज्यात आघाडीवर राहिला. दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे 30 हजार आणि तीन किलोवॅट व पुढे जास्तीत जास्त 78 हजार रुपये अनुदान, एका किलोवॅटमागे महिन्याला सुमारे 120 युनिट, हे सगळे माहीत असते. जे सांगितले जात नाही ते असे. पॅनेलला ऊन हवे, उष्णता नको. पॅनेलचे तापमान 25 अंशांच्या वर गेले की दर अंशाला त्याचे उत्पादन 0.3 ते 0.4 टक्क्याने घटते, आणि मे महिन्यात छतावरचे पॅनेल सहज 65 अंशांवर जाते. त्यामुळे ऐन उन्हाळ्यात क्षमतेपेक्षा बारा-पंधरा टक्के वीज कमी आली तर संच बिघडला असे समजू नका. पॅनेल छताला चिकटून न बसवता खालून वारा खेळेल एवढी उंची ठेवून घ्या. कोरड्या महिन्यांत धूळ आठवड्याला धुवा, पण पहाटे. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नका. वर्षअखेरीस, म्हणजे 31 मार्चला, शिल्लक राहिलेल्या युनिटना फार कमी दर मिळतो, म्हणून गरजेपेक्षा मोठा संच बसवून "वीज विकू" या भरवशावर राहू नका. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना छत नसते, पण सोसायटीच्या लिफ्ट, पंप आणि चार्जिंगसाठी याच योजनेत किलोवॅटमागे 18 हजार रुपये मिळतात. शहरात हा मार्ग कमी वापरला जातो, कारण सभेत चार जणांचे एकमत होत नाही.

सौर संचापेक्षाही स्वस्त गोष्ट विदर्भाकडे आधीपासून आहे आणि ती आपण हळूहळू सोडत चाललो आहोत. दीड टनाचा एसी सुरू असताना साधारण दीड किलोवॅट खेचतो, कूलर दोनशे वॅटच्या आसपास. कोरड्या उष्णतेत कूलर उत्तम चालतो, मुंबईच्या दमट हवेत चालत नाही. एप्रिल-मेमध्ये कूलर आणि पाऊस सुरू होण्याच्या सुमारास, हवा चिकट झाली की एसी, अशी विभागणी केली तरी घराचा संध्याकाळचा भार कितीतरी उतरतो. कूलरला पाणी लागते आणि टाकी साफ ठेवली नाही तर डास होतात, हे आक्षेप रास्त आहेत. टाकी आठवड्याला कोरडी करणे हा त्यावरचा उपाय सर्वांना ठाऊक आहे.

"कोळसा स्वस्त आहे, इथलाच आहे, रोजगार देतो" हा आक्षेप टाळून चालणार नाही. त्यातला रोजगाराचा भाग मला खरा वाटतो. उमरेड, सावनेर, वणी, बल्लारपूर भागातली हजारो घरे खाणींवर चालतात, आणि त्यांच्या पुढच्या पिढीची तजवीज न करता खाण बंद करा म्हणणे हा शहरी बेफिकीरपणा आहे. स्वस्ताईचा भाग मात्र अपुरा आहे. एका युनिटला साधारण 600 ते 700 ग्रॅम कोळसा लागतो आणि आपल्या कोळशात तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त राखच असते. महिन्याला कोळशाच्या विजेची 200 युनिट वापरणाऱ्या घरामागे सव्वाशे किलोहून अधिक कोळसा जळतो आणि चाळीस किलोच्या वर राख कुठेतरी जमा होते. ती कुठे जाते? जुलै 2022 मध्ये कोराडी केंद्राचा खसाळा येथील राख बंधारा फुटला आणि राखेचा गाळ कोलार नदीतून कन्हानकडे गेला. कन्हान हा नागपूरच्या पिण्याच्या पाण्याचा स्रोत आहे. धुरातले गंधकाचे वायू रोखणारी यंत्रणा बसवण्याचा नियम 2015 चा. मुदती वाढत गेल्या आणि 2025 मध्ये देशातल्या बहुतेक केंद्रांना त्यातून सूटच मिळाली. वीज बिलात या कशाचीही ओळ नसते. गाळ काढण्याचा, औषधांचा, बुडालेल्या शेताचा खर्च ज्याच्या दाराशी येतो तो भरतो. तो धरून कोळसा स्वस्त आहे का, हा प्रश्न विचारला पाहिजे.

इथेनॉलचा वाद नागपुरात राजकारणाशिवाय होत नाही, तरी प्रयत्न करू. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे लक्ष्य 2025 मध्ये गाठले गेले. आयात तेलाचा खर्च वाचतो आणि शेतमालाला आणखी एक गिऱ्हाईक मिळते, हे दोन्ही लाभ मान्य. पण जमिनीच्या हिशेबाने पाहा. राज्याच्या सरासरीने एकरी 32 टन ऊस धरला आणि त्याचा सगळा रस इथेनॉलला दिला, तर साधारण 2,200 लिटर मिळते. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा एक तृतीयांशाने कमी, म्हणून ते 1,500 लिटर पेट्रोलच्या बरोबरीचे. त्यावर स्कूटर 67 हजार किलोमीटर धावेल. त्याच एकरावर सौर पॅनेल लावले तर वर्षाला साडेतीन लाखांहून अधिक युनिट तयार होतात आणि तेवढ्या विजेवर स्कूटर एक कोटी किलोमीटर जाते. फरक सुमारे दीडशे पटीचा आहे, शिवाय उसाला लागणारे पाणी वेगळे. मळी, खराब धान्य, धानाचा पेंढा यांपासून इथेनॉल करा, जुन्या पेट्रोल गाड्या आहेत तोवर ते उपयोगी आहे. पण पाण्याच्या तुटीच्या प्रदेशात गाड्यांसाठी ऊस लावणे हे उद्याचे उत्तर म्हणून मला पटत नाही.

नागपूरच्या अनुभवात आणखी एक धडा आहे, आणि तो तंत्रज्ञानाचा नाही. या शहराने नव्या इंधनांचे "देशात पहिले" प्रयोग जितके पाहिले तितके क्वचितच दुसऱ्या शहराने पाहिले असतील. ऑगस्ट 2014 मध्ये इथेनॉलवरची हिरवी बस आली. 2018 मध्ये थकीत देणी, कर आणि सुविधांच्या वादात ती सेवा थांबली. मे 2017 मध्ये ओलाने दोनशे वाहनांची इलेक्ट्रिक टॅक्सी सेवा सुरू केली. वर्ष होण्याआधीच चालक चार्जिंगच्या रांगांना आणि बुडणाऱ्या कमाईला कंटाळून गाड्या परत करू लागले. सीएनजी आले ते पाइपलाइनविना, गुजरातकडून टँकरने द्रवरूपात, आणि मार्च 2022 मध्ये किलोला 120 रुपयांवर जाऊन देशात सर्वांत महाग ठरले. यातल्या एकाही प्रयोगात इंजिन नापास झाले नाही. हिशेब कोण चुकता करणार, चालकाचा तास वाया गेला तर भरपाई कोण देणार, इंधन कोणत्या वाटेने येणार, हे आधी ठरले नव्हते. उद्घाटनाला फीत कापणारे बरेच असतात. पाचव्या वर्षी देखभालीचे पैसे कोणत्या खात्यातून येणार, हे विचारणारा पत्रकार परिषदेत एखादाच. नवी योजना जाहीर झाली की तो प्रश्न तुम्ही विचारा.

"सूर्य रात्री नसतो" हा आक्षेप खरा आहे, पण तो साठवणीचा प्रश्न आहे, आणि साठवण आता कल्पनेतली राहिलेली नाही. राज्यात घाटघरला 250 मेगावॅटचा उदंचन प्रकल्प 2008 पासून आहे. स्वस्त विजेच्या वेळी पाणी वर चढवायचे, मागणीच्या वेळी खाली सोडायचे. मोठ्या बॅटऱ्यांची किंमतही गेल्या दशकात खूप उतरली आहे. "माणशी प्रदूषण तर अमेरिकेचे जास्त, आपणच का?" हा आक्षेपही न्याय्य आहे. भारतीय माणसाचे वार्षिक उत्सर्जन दोन टनांच्या आसपास, जगाच्या सरासरीच्या निम्म्याहून कमी. आंतरराष्ट्रीय मंचावर तो ठासून मांडलाच पाहिजे. पण कन्हानमधली राख अमेरिकेत वाहून जात नाही. आणि वाद करताना आकडे तपासून वापरा. 30 मे 2024 रोजी नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने 56 अंश तापमान दाखवले, ते क्षणात सगळीकडे पसरले आणि नंतर हवामान विभागाने यंत्राचा सेन्सर बिघडल्याचे सांगितले. इथला पारा 45 च्या वर जातो, 47 च्याही वर गेलेला आहे. तो पुरेसा भयानक आहे, फुगवण्याची गरज नाही.

शेवटी हा हिशेब घराबाहेर नेण्याची जागा. कोराडीत आणखी 660 मेगावॅटच्या दोन संचांच्या प्रस्तावावर मे 2023 मध्ये, ऐन उन्हाळ्यात जनसुनावणी झाली. अशा सुनावणीची सूचना किमान तीस दिवस आधी प्रसिद्ध व्हावी लागते आणि पर्यावरण अहवालाचा सारांश मराठीत उपलब्ध करून द्यावा लागतो. बोलायला जाता आले नाही तरी प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी म्हणणे देता येते. ते देताना "विकास हवा की पर्यावरण" यावर पानभर लिहू नका. नव्या संचाची वीज कोणत्या तासांसाठी हवी आहे, तेवढीच मागणी सौर आणि साठवणीतून भागवली तर युनिटचा दर किती पडेल, राख कुठे जाईल आणि बंधारा फुटला तर कोण जबाबदार, एवढेच विचारा आणि उत्तर लेखी मागा. नोंदवलेला प्रत्येक आक्षेप इतिवृत्तात घ्यावा लागतो.